धुराड्याचं पाणी

फिटर काकांनी धुराड्याचा वाकडा पाइप खोलून खाली आणला आणि थोरलीनं टॉर्च मारून आत डोकावलं. आत, बरोबर वळणावर, पिवळा थर धरला होता. जखम चिघळून वर खपली यावी तसा. कडेला हिरवट, मध्ये ओलसर. काका सवयीनं त्यात बोट घालणार, तोच ती ओरडली, "हात लावू नका!" काकांनी विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला.

घरी ती थोरली, कारखान्यात सगळ्यांची ताई. तिचं काम चवड रचण्याचं. सिरॅमिकच्या पातळ चकत्या, प्रत्येक दोन चकत्यांमध्ये पोलादाची एक पट्टी, अशी एकावर एक रचून ती चवड भट्टीत लालबुंद तापवायची. सॉलिड ऑक्साइड सेल हे त्या चकत्यांचं भारदस्त नाव, पण करणी सोपी. दिवसा ऊन असेपर्यंत उरलेली वीज आणि वाफ आत सोडायची, की हायड्रोजन बाहेर येतो. तो टाकीत भरून ठेवायचा. संध्याकाळी गावात दिवे लागायला लागले की तोच हायड्रोजन परत त्याच चकत्यांना पाजायचा, की वीज बाहेर येते. जाताना एक, येताना दुसरं, यंत्र तेच. कामगार त्या भट्टीला लाडानं 'उलटी' म्हणायचे आणि हा विनोद थोरलीला कधीच आवडला नव्हता.

थर क्रोमियमचा होता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लालबुंद तापलं की पोलादाला घाम फुटतो, आणि त्या घामात क्रोमियम असतं. ते हवेबरोबर उडतं आणि धुराड्याच्या थंड जागी जाऊन बसतं. म्हणून पट्ट्यांवर लेप देतात. लेप कुठेतरी सोलला असणार. हे नीट निस्तरता येण्यासारखं होतं, चवड गार करून नव्या पट्ट्या घातल्या की झालं. आणि चवड गार करायची तीही बाळंतिणीला उठवावी तशी, सावकाश, नाहीतर चकत्या तडकतात. एवढा सगळा विचार तिनं शांतपणे केला. मग तिची नजर पाइपच्या खालच्या टोकाकडे गेली.

तिथे, जिथून धुराड्यातलं पाणी ठिबकून विषारी कचऱ्याच्या पिंपात जायचं, तिथे कुणीतरी एक चकचकीत तोटी बसवली होती. तोटीला पांढरी नळी. नळीच्या टोकाला, धूळ जाऊ नये म्हणून, प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. किती ती काळजी!

"हे काय आहे काका?"

"तोटी."

"ती दिसते मला. कुणी बसवली?"

फिटर काकांनी पाना या हातातून त्या हातात घेतला. "तुमच्या भावानं सांगितलं, ताई. म्हणाला, वरून परवानगी आहे. पाणी नेतो तो. प्यायचं."

"प्यायचं?"

"पाहुण्यांना देतात ना ते, बाटल्यांतून. त्यातलं." काकांचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. भाऊ तुमचाच."

भाऊ तिचाच, हे मात्र खरं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. धाकटा शिकण्यात यथातथा, पण बोलण्यात असा की समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून शिडी काढून घेईल. तीन नोकऱ्या सोडून तो घरी बसला तेव्हा बाबांनी थोरलीच्या मागे भुणभुण लावली होती, "तुझ्या कारखान्यात चिकटव त्याला कुठेतरी." तिनं चिकटवलं. पाहुण्यांना कारखाना दाखवायचं काम मिळालं. महिन्याभरात तो संचालक साहेबांच्या गळ्यातला ताईत झाला आणि थोरलीची ओळख "त्याची बहीण" अशी होऊ लागली.

बाटल्या तिनं पाहिल्या होत्या. कोण नव्हतं पाहिलं! निळं लेबल, त्यावर सूर्य, खाली ओळ: 'आगीतून जन्मलेलं पाणी'. हायड्रोजनची वीज होताना पाणी होतं, ही गोष्ट खरी आहे. पण ते पाणी वाफ होऊन, उरलासुरला वायू जाळणाऱ्या आगीतून जाऊन, त्या घाम फुटलेल्या पोलादावरून आलेल्या हवेत मिसळून, या पिवळ्या गटारातून खाली ठिबकतं. तिला वाटलं होतं, लेबल तेवढं दिखाऊ असेल आणि आत बाजारचं साधं पाणी. आपला भाऊ खोटारडा आहे, असंच ती धरून चालली होती. तो प्रामाणिक निघेल ही शंकासुद्धा तिला आली नव्हती.

ती तशीच, हातमोज्यांसकट, स्वागतकक्षाकडे धावली.

आत पाहुणे होते. कुठल्याशा ऊर्जा मंडळाची माणसं, कोटबीट घातलेली. मध्ये संचालक साहेब, हातात पेला. आज धाकटा रजेवर होता, म्हणून त्याचं पाठ केलेलं भाषण साहेब स्वतःच म्हणत होते. "सूर्यापासून वीज, विजेपासून वायू, वायूपासून पुन्हा वीज. आणि उरतं काय? धूर? नाही! उरतं हे." मग त्यांनी पेला उंचावला, एक लांब घोट घेतला आणि डोळे मिटून ओठ चाटले. साहेबांचे ओठ जाड होते आणि चाटल्यावर चकाकायचे. थोरलीला शिसारी आली. भोवती सगळेच पीत होते. एकजण म्हणाला, चव वेगळीच आहे. दुसरा म्हणाला, हलकं वाटतं घशाला. एका बाईंनी पेला तोंडाला लावला, तो थोरलीनं सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हे पिऊ नका."

साहेबांनी हसत हसत तिचा दंड धरला, हसत हसत तिला बाहेर आणलं आणि स्वतःच्या खोलीचं दार लागल्यावर हसणं बंद केलं. "डोकं ठिकाणावर आहे का?"

तिनं पिवळा थर सांगितला. क्रोमियम म्हणजे काय ते सांगितलं. आतडी, मूत्रपिंड, कर्करोग, सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते, आणि ऐकता ऐकता कानात काडी घालून फिरवत होते.

"हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी," ते म्हणाले. "शाळेत शिकलोय मी."

"शाळेत धुराडं नव्हतं साहेब."

"मी रोज पितो. मला काही झालंय?" त्यांनी काडीकडे नीट निरखून पाहिलं आणि ती टेबलाखाली टाकली. "तपास हवं तर. पण आकडा माझ्याकडे आणायचा. बाहेर चकार शब्द नको. भट्टीला पैसे पाण्यामुळे मिळतात, तुझ्या चकत्यांमुळे नाही. चकत्या कोण पितं?"

या माणसाच्या हाताखाली आपण इतकी वर्षं काढली, याचीच तिला त्या क्षणी सर्वात जास्त किळस आली. पण ते उगाळत बसायला वेळ नव्हता, कारण तिला एकदम बाबा आठवले होते.

बाबा धाकट्याकडे राहायचे. गेल्या सुट्टीला ती भेटायला गेली, तेव्हा त्यांच्या आरामखुर्चीशेजारी, औषधांच्या डब्याला टेकून, निळ्या लेबलाची बाटली उभी होती. बाबांची मूत्रपिंडं आधीच अधू. डॉक्टर गोळ्या बदलून थकले, तरी पायांची सूज काही उतरेना आणि दर तपासणीला रक्तातला आकडा थोडा वरच. "असं व्हायला नको खरं," डॉक्टर म्हणाले होते. तिला ते वाक्य आता नीट ऐकू आलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

स्वागतकक्षातली एक बंद बाटली उचलून तिनं प्रयोगशाळा गाठली. तिथल्या रसायनवाल्या बाई तिच्या जुन्या मैत्रीण. कमी बोलणाऱ्या, पण जे बोलतील ते खणखणीत. पिंपातला कचरा तपासायला त्यांच्याकडे एक कुपी असायची. पाण्यात तिच्यातले थेंब टाकायचे. वाईट क्रोमियम असेल तर पाणी जांभळट गुलाबी होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं.

बाईंनी थेंब टाकले. दोघी वाकून पाहत राहिल्या. पाणी जसंच्या तसं.

"पुन्हा टाका."

पुन्हा टाकले. काही नाही. बाईंनी मग बाटली नाकाशी नेली, भुवया वर केल्या आणि ती थोरलीच्या नाकाशी धरली. "क्लोरीन. अगं, हे नळाचं पाणी आहे. आपल्या कॅन्टीनच्या बाहेरच्या नळाचं, पैज लाव."

थोरली स्टुलावर बसली आणि हसत सुटली. हसता हसता तिला ओकारी आल्यासारखं झालं, इतकं तिला हलकं वाटलं. म्हणजे गाढवानं नळाचं पाणी भरून अख्ख्या मंडळाच्या तोंडाला पानं पुसली! हलकं वाटतं घशाला म्हणे! आणि साहेब, रोज डोळे मिटून ओठ चाटणारे साहेब, कॅन्टीनच्या नळाचं पाणी चाटत होते. मग तोटी कशाला बसवली होती? दाखवायला, दुसरं काय. कुणी विचारलं तर बोट दाखवायला जागा हवी ना. धाकट्याच्या सगळ्या कामांत एवढी एकच गोष्ट मनापासून केलेली असायची, ती म्हणजे देखावा.

तिनं जाऊन साहेबांना सांगितलं. वाटलं होतं, निदान आता तरी चिडतील, लाजतील, धाकट्याला फैलावर घेतील. साहेबांनी सुस्कारा सोडला. "मग बरंच झालं की. तक्रार कसली? उद्यापासून गाळलेलं भर म्हणावं त्याला, नळाचं नको. दर्जा म्हणून काही असतो." आणि त्यांनी फोन उचलला. थोरली दारातच थुंकणार होती. शिकलेली बाई, म्हणून गिळलं.

दुपारच्या बसनं ती धाकट्याच्या घरी निघाली. पर्समध्ये रसायनवाल्या बाईंची कुपी होती, उगाच आपली खात्रीसाठी म्हणून घेतलेली. खरं सांगायचं तर खात्री तिला झालीच होती. ती निघाली होती भावाची बिनपाण्यानं करायला, आणि बाबांच्या देखत. इतकी वर्षं "माझा लेक, माझा लेक" ऐकून तिचे कान किटले होते. आज लेकाची करणी बाबांना दाखवायचीच, या विचारानं तिला बसमध्ये मजा वाटत होती, आणि ती मजा काही फार चांगल्या जातीची नव्हती.

दार धाकट्यानंच उघडलं. अंगावर बनियन, केसांना भरपूर जेल, घरात बसूनसुद्धा. आत बाबा आरामखुर्चीत, सुजलेले पाय स्टुलावर, हातात पेला. प्यायची त्यांची जुनी रीत होती. प्रत्येक घोटाला घशातून 'घुट्' असा आवाज, आणि मग "हां" असा उसासा. थोरलीला तो आवाज लहानपणापासून सहन होत नसे.

"ये गं," बाबा म्हणाले. "आज कशी वाट चुकलीस? पाणी घे. याचं घे, नळाचं नको."

तिला हवी होती तीच संधी आयती चालून आली.

"नळाचंच आहे ते बाबा."

"काय?"

"तुमचा लाडका लेक तुम्हाला नळाचं पाणी पाजतोय. कॅन्टीनच्या बाहेर नळ आहे ना, जिथे फडकी धुतात, त्याचं. वर सूर्याचं लेबल. आजच तपासलं मी. अख्खा कारखाना फसवलाय यानं, आणि तुम्ही बसलाय 'हां हां' करत."

बाबांनी पेला खाली घेतला. त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. "खरं का रे?" एवढंच म्हणाले, आणि तेही इतक्या हळू की थोरलीच्या मजेला पहिल्यांदा खीळ बसली.

धाकटा लाल झाला. आधी कानाच्या पाळ्या, मग मान. "ताई, काहीही बोलू नकोस."

"नळाचं नाही म्हणतोस?"

"पाहुण्यांचं नळाचं आहे! आहे, हो! काय करू मग? ते धुराडं ठिबकतं थेंब थेंब, आठवड्यातून जेमतेम दोन बाटल्या. आणि माणसं येतात बसा भरभरून. त्या साहेबाला काय कळतंय, नळाचं आणि भट्टीचं? पाजलं. सगळ्यांना पाजलं." त्याचा आवाज चिरकला. "पण बाबांना? बाबांना मी खोटं देईन? जे काही ठिबकतं ते सगळं बाबांसाठी आणतो मी. कॅनमधून, स्वतःच्या हातानं, बसमध्ये मांडीवर धरून. किडनीला शुद्ध पाणी लागतं म्हणून. तू आणलंस कधी?"

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायची खटपट करत होतं.

थोरलीनं पर्समधून कुपी काढली. बाबांच्या हातातला पेला घेतला. तो त्यांनी सहज सोडला नाही, बोटं उकलावी लागली. घाईत हवे त्यापेक्षा जास्त थेंब पडले. पाणी क्षणभर तसंच राहिलं आणि मग तळापासून गुलाबी होत गेलं, मग जांभळट, इतकं गडद की पलीकडची बोटं दिसेनात.

"हे काय?" धाकट्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. या वेळी आतडी आणि कर्करोग सांगितले नाहीत, फक्त मूत्रपिंडं सांगितली. धाकटा ऐकत ऐकत भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला. ज्यांच्याशी तो खोटं वागला ते सगळे धडधाकट होते. साहेब चार माणसांना पुरून उरतील असे धडधाकट होते. ज्या एका माणसाशी तो आयुष्यात खरं वागला, ते समोर पाय सुजवून बसले होते. थोरलीला त्या बापलेकांचा, साहेबांचा, त्या चाटलेल्या ओठांचा, स्वतःच्या भट्टीचा, सगळ्या सगळ्याचा एकदमच उबग आला. आपल्या तोंडातलं पाणीसुद्धा गिळू नये असं तिला वाटलं.

"गाढवा," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचंस. फक्त एकदा."

"तू हसली असतीस," धाकटा गुडघ्यांत डोकं घालून म्हणाला. आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, नाक ओढत, जेल लावलेले केस मुठीत धरून.

बाबा खुर्चीतून उठले. त्यांना उठायला कष्ट पडायचे. दोन्ही हातांनी खुर्ची दाबत ते उठले, सुजलेले पाय ओढत लेकापर्यंत गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. चेहऱ्यावर भीती नव्हती. मघाशी तो लहान मुलासारखा झालेला चेहरा पुन्हा बापाचा झाला होता.

"रडू नको रे," ते म्हणाले. "खोटं नाही ना दिलंस? बास. मला तेवढंच हवं होतं." मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं, कपाळाला आठी घालून. "तू पण ना! धाकट्या भावाला कुणी असं रडवतं का?"

थोरली आत वळली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं उरलेल्या दोन्ही बाटल्या आणि कॅन एका पिशवीत घालून वर गाठ मारली, कारण ते मोरीतही ओतण्याच्या लायकीचं नव्हतं. मग हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. आणि डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी एकदाही मध्ये न बोलता ऐकून घेतलं. लगेच घेऊन या म्हणाले, आणि पाण्याचा नमुनाही आणा. मग विचारलं, रोज पीत होते की अधूनमधून? नीट विचारून सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे.

तिनं फोनवर हात ठेवला आणि बाहेरच्या खोलीच्या दारात येऊन विचारलं, "बाबा, रोज प्यायचात की कधी कधी?"

बाबांचा हात अजून लेकाच्या डोक्यावर होता. त्यांनी मान ताठ केली.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "माझ्या लेकानं एक दिवस चुकवला नाही."

तिनं फोनवरचा हात काढला आणि सांगितलं.